अनेक सूची, एक प्रश्न : मेटासर्चची कहाणी

कपाशीला फुले लागली की त्यांतली काही नीट उमलत नाहीत. पाकळ्या एकमेकींत गुरफटतात आणि फूल गुलाबाच्या अर्धवट कळीसारखे मिटलेले राहते. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. ती उकलून पाहिली तर आत बहुधा गुलाबी बोंडअळीची बारीक अळी सापडते. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा कापसाचा तालुका. तेथील एखाद्या शाळेत विद्यार्थ्याने अशी डोमकळी आणून बाईंपुढे ठेवली आणि ‘हे काय आहे, आता काय करायचे?’ असे विचारले, तर बाईंनी उत्तर शोधायचे कुठे?

२०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान केले, तेव्हा हा प्रश्न केवळ वर्गातला राहिला नव्हता. उत्तरे नव्हती असे नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे ती होती, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे होती, कृषी खात्याच्या पत्रकांत होती, इंग्रजी शोधनिबंधांत होती. कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडून नष्ट करा, फरदड घेऊ नका, हे सगळे लिहिलेले होते. पण ते एका जागी नव्हते आणि एका नावाखालीही नव्हते. कोठे गुलाबी बोंडअळी, कोठे शेंदरी बोंडअळी, कोठे ‘बोंड अळी’ असे दोन शब्द तोडून, आणि शास्त्रीय लेखनात ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’.

विखुरलेली माहिती एकाच प्रश्नाने गोळा करण्याच्या युक्तीला संगणकाच्या जगात मेटासर्च म्हणतात. मेटासर्च यंत्राकडे स्वतःची सूची नसते. ते आपला प्रश्न घेते, निरनिराळ्या शोधयंत्रांना एकाच वेळी विचारते, आलेली उत्तरे एकत्र करते, दुबार आलेली गाळते आणि एकच यादी आपल्या हाती देते. शोधयंत्र हा ग्रंथपाल मानला तर मेटासर्च हा दहा ग्रंथपालांकडे धावत जाऊन येणारा मुलगा.

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. आपल्याकडे तिचे एक उत्तम उदाहरण आहे आणि ते इतिहासाच्या तासाला सांगण्याजोगे आहे. एखादे जुने मराठी पुस्तक छापले गेले होते की नाही हे शंभर वर्षांपूर्वी पाहायचे असेल तर काय सोय होती? पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर अशा ठिकाणच्या ग्रंथालयांच्या आपापल्या याद्या होत्या. प्रत्येकीची पद्धत वेगळी आणि प्रत्येकीत काही ना काही राहिलेले. शंकर गणेश दाते यांनी गावोगावच्या ग्रंथालयांत जाऊन, पुस्तके पाहून, नोंदी करून १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली. १९३८ ते १९५० या काळाचा तिचा दुसरा भाग १९६१ मध्ये आला. नियतकालिकांच्या सूचीसाठीही काळे आणि बर्वे यांच्यासह त्यांनी तसेच परिश्रम घेतले. आजच्या भाषेत दाते हे चालतेबोलते मेटासर्च होते, फक्त उत्तराला अर्ध्या सेकंदाऐवजी कित्येक वर्षे लागली. मात्र यंत्राला न जमणारी एक गोष्ट त्यांनी केली. एकच पुस्तक दोन ग्रंथालयांत दोन निरनिराळ्या पद्धतींनी नोंदलेले असले, तरी पुस्तक हातात घेऊन पाहणाऱ्याला ते एकच आहे हे कळते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता इंटरनेटकडे वळू. १९९० मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी ‘आर्ची’ नावाची सोय तयार केली. सार्वजनिक संगणकांवर कोणकोणत्या फायली आहेत याची ती यादी होती. टिम बर्नर्स-ली यांचे वर्ल्ड वाइड वेब १९९१ मध्ये सर्वांना खुले झाले आणि पाने इतक्या झपाट्याने वाढू लागली की हाताने ठेवलेली यादी पुरेना. १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात वेबक्रॉलर आणि कार्नेगी मेलन विद्यापीठात लायकॉस ही शोधयंत्रे सुरू झाली. स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याहू ही विषयवार निर्देशिका मांडली. १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा आले. ही यंत्रे एका पानावरून दुवा धरून दुसऱ्यावर जातात आणि भेटलेल्या पानांतील शब्दांची अनुक्रमणिका बनवतात. प्रत्येकाची सुरुवात वेगळी, वेग वेगळा, साठवण वेगळी. त्यामुळे एकाच शब्दाला दोन यंत्रांकडून अगदी भिन्न याद्या येत.

याच अडचणीतून १९९५ मध्ये जवळजवळ एकाच वेळी दोन उपाय निघाले. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात डॅनियल ड्रायलिंगर यांनी सॅव्हीसर्च केले. कोणत्या विषयासाठी कोणते यंत्र उपयोगी पडते हे ते मागच्या अनुभवावरून शिके आणि त्यानुसार निवडक यंत्रांनाच प्रश्न पाठवी. वॉशिंग्टन विद्यापीठात एरिक सेलबर्ग हा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक ओरेन एट्झिओनी यांनी मेटाक्रॉलर केले. ते सर्वांना एकदम विचारी, प्रत्येक यंत्राने दिलेले गुण एका मापात आणी आणि एकच पान अनेकांनी सुचवले असेल तर त्या गुणांची बेरीज करी.

ही बेरीज वरवर निर्दोष वाटते. एक काल्पनिक उदाहरण घेऊन ती पारखू. समजा रोमन लिपीत ‘राळेगाव’ लिहून आपण तीन यंत्रांना विचारले आणि प्रत्येक यंत्र १००० पैकी गुण देते. पहिले यंत्र अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगण सिद्धीच्या पानाला १००० आणि यवतमाळच्या राळेगावच्या पानाला ६०० देते. (राळेगण सिद्धीचे नाव रोमन लिपीत पुष्कळदा ‘राळेगाव सिद्धी’ असेच लिहिलेले आढळते.) दुसरे राळेगण सिद्धीला ८०० देते, आपले राळेगाव त्याला ठाऊकच नाही. तिसरे आपल्या राळेगावला पूर्ण १००० देते, राळेगण सिद्धीला शून्य. बेरीज झाली राळेगण सिद्धी १८००, राळेगाव १६००. बरोबर उत्तर एका यंत्राला पक्के माहीत होते, तरीही बहुमताने ते दुसऱ्या क्रमांकावर ढकलले. प्रसिद्ध असलेल्याची प्रसिद्धी या पद्धतीत वाढत जाते. मतांची बेरीज आणि तिच्यातील अन्याय हा प्रश्न अठराव्या शतकात बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाने निवडणुकांच्या संदर्भात अभ्यासला होता. २००१ साली सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच विषय मेटासर्चसाठी नव्याने हाताळला. गणिताच्या शिक्षकांना यात वर्गासाठी पुष्कळ सामग्री आहे.

तरीही मेटासर्चची गरज किती होती? याचे मोजमाप झालेले आहे आणि ते ज्या रीतीने झाले ती रीत आम्हाला या कहाणीतील सर्वांत सुंदर भाग वाटते. अमेरिकेतील एनईसी संशोधन संस्थेत स्टीव्ह लॉरेन्स आणि ली जाइल्स यांनी स्वतःचे एक मेटासर्च यंत्र चालवले होते. त्याच्या साहाय्याने त्यांनी १९९७ च्या अखेरीस सहा शोधयंत्रांना शेकडो प्रश्न विचारले आणि निष्कर्ष एप्रिल १९९८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. वेबवर एकूण पाने किती हे कोणीच मोजू शकत नाही. मग कोणत्या यंत्राकडे किती टक्के आहेत हे कसे सांगायचे?

तळ्यातील मासे मोजण्याची युक्ती येथे कामी आली. ती वर्गात तुरीच्या दाण्यांवर करून पाहता येते. डबाभर दाण्यांतून मूठभर काढा, समजा ५० निघाले. त्यांना शाई लावा, वाळू द्या, डब्यात परत टाकून चांगले ढवळा. आता दुसरी मूठ काढा, समजा ४० दाणे आले आणि त्यांत ८ शाईचे निघाले. म्हणजे पाचातला एक. मग डब्यातील सर्व दाण्यांतही शाईचे साधारण एकपंचमांश असणार आणि शाईचे तर ५० आहेत, म्हणून एकूण सुमारे २५०. मोजून पाहा, फार चूक निघणार नाही. लॉरेन्स आणि जाइल्स यांनी एका शोधयंत्राची पाने ही पहिली मूठ मानली आणि दुसऱ्याची पाने ही दुसरी. दोघांत सामाईक किती निघतात यावरून हॉटबॉट या तेव्हाच्या मोठ्या यंत्राकडे वेबचा सुमारे ३४ टक्के भाग आहे असे आले. हॉटबॉटने आपल्याकडे ११ कोटी पाने असल्याचे जाहीर केले होते. ११ भागिले ०.३४, म्हणजे वेबवर निदान ३२ कोटी पाने.

‘निदान’ हा शब्द का? दाणे ढवळले म्हणून कोणताही दाणा हाती येण्याची शक्यता सारखी होती. वेबचे तसे नाही. ज्या पानाकडे पुष्कळ दुवे जातात ते पान सर्वच यंत्रांना सापडते, जसे काठाशी येणारे मासे प्रत्येक कोळ्याच्या जाळ्यात येतात. त्यामुळे सामाईक भाग फुगतो आणि एकूण आकडा खऱ्यापेक्षा लहान येतो. खोल पाण्यातले मासे, म्हणजे आडगावच्या शाळेचे पान, छोट्या संस्थेचे पत्रक, हे मोजणीतूनच निसटतात.

सहा यंत्रांपैकी सर्वांत लहान यंत्राकडे वेबचा फक्त ३ टक्के भाग होता. सहांची उत्तरे एकत्र केली तर सरासरी एका यंत्राच्या सुमारे साडेतीनपट पाने हाती येत. मेटासर्चच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नको. १९९९ मध्ये याच दोघांनी ‘नेचर’मध्ये दुसरी पाहणी प्रसिद्ध केली. तेव्हा वेब ८० कोटी पानांवर पोहोचले होते आणि कोणत्याही एका यंत्राकडे १६ टक्क्यांहून अधिक भाग नव्हता. यंत्रे वाढत होती, पण वेब त्यांच्यापेक्षा वेगाने वाढत होते. डॉगपाइल, मामा, इक्सक्विक ही मेटासर्च यंत्रे याच काळातली.

भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले, ते मोजक्या महानगरांत. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी होई, चित्रांशिवाय केवळ अक्षरे दाखवणारे खाते स्वस्त पडे. तालुक्याच्या गावातून जोडणी घ्यायची तर शहरातल्या केंद्राला एसटीडीने फोन लावावा लागे आणि पान उघडेपर्यंत मीटर पळत राही. अशा वेळी सहा यंत्रांची सहा पाने उघडण्याऐवजी एकच पान उघडणे ही चैन नव्हती, काटकसर होती. मुंबईत राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डने १९९५ पासून भारतीय माहितीची संकेतस्थळे उभारली, त्यांत ‘खोज’ ही भारतविषयक स्थळांची निर्देशिका होती. १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड सुमारे ५०० कोटी रुपयांना विकत घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची मोठी चर्चा झाली.

पण राळेगावच्या शिक्षकाला मराठीत काही शोधायचे असेल तर? येथे सगळी युक्ती कोलमडत असे. त्या काळातील मराठी संकेतस्थळे स्वतःचे टंक, म्हणजे फॉन्ट, वापरीत. पडद्यावर ‘कापूस’ दिसे, पण संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा एक अर्थहीन गुच्छ साठवलेला असे. टंक त्या गुच्छाला देवनागरीचे सोंग देई. दुसऱ्या टंकात त्याच शब्दाचा गुच्छ वेगळा. म्हणून शोधयंत्राला ‘कापूस’ हा शब्द कोठेच सापडत नसे. आता अशी दहा यंत्रे मेटासर्चला जोडली तरी दहा शून्यांची बेरीज किती येणार? दाते यांच्या हातातील पुस्तक आठवा. माणसाला पडद्यावर दोन्हीकडे एकच शब्द दिसत होता, यंत्राला नाही.

यावर तोड होती आणि ती लवकर सुचलेली होती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही समान संकेतप्रणाली होती आणि तिच्या आधारावर देवनागरीला १९९१ मध्येच युनिकोडमध्ये जागा मिळाली. पण ती घराघरांत पोहोचायला विंडोज २००० आणि नंतरची वर्षे उजाडली. मधल्या काळात कोट्यवधी मराठी अक्षरे निरनिराळ्या टंकांत टंकली गेली आणि त्यांतली बरीचशी शोधाच्या दृष्टीने मुकीच राहिली. आमच्या मते ही हानी पुरेशी कोणी मनावर घेतलेली नाही. हैदराबादच्या आयआयआयटीमध्ये २००६ च्या सुमारास ‘वेबखोज’ हा प्रकल्प झाला. त्यात असे जुने टंक ओळखून मजकूर एका संकेतप्रणालीत आणला जाई आणि मग त्याची सूची होई.

अक्षरे जुळली तरी शब्द जुळतीलच असे नाही. ‘कापूस’ शोधला तर ‘कापसावरील कीड’ आणि ‘कापसाचे भाव’ सापडायला हवेत, पण अक्षरशः पाहता ‘कापूस’ आणि ‘कापसा’ हे वेगळे शब्द आहेत. विहीर आणि विहिरीत, फूल आणि फुलांवर, राळेगाव आणि राळेगावात, सगळीकडे हेच. इंग्रजीसाठी बनवलेल्या यंत्राला मराठीतले सामान्यरूप कळत नाही. केंद्र सरकारच्या साहाय्याने २००६ पासून अनेक संस्थांचा एक प्रकल्प चालला, त्याचे नेतृत्व मुंबईच्या आयआयटीकडे होते. त्यातून पर्यटनविषयक माहितीसाठी ‘संधान’ हे भारतीय भाषांचे शोधयंत्र निर्माण झाले, मराठीसह. २००८ मध्ये ‘फायर’ हा भारतीय भाषांतील शोधाची परीक्षा घेणारा उपक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळ यांतील मराठी बातम्यांचा संग्रह संशोधकांना मिळाला. शब्द मूळ रूपावर आणून शोधले तर मराठीत निकाल चांगलेच सुधारतात, हे अशा प्रयोगांतून दिसले. सामान्यरूप हा व्याकरणाच्या तासाचा कंटाळवाणा विषय मानणाऱ्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे.

मेटासर्चचा बहर ओसरला त्याची कारणे दोन. एक तर १९९८ नंतर गूगलची सूची इतकी मोठी आणि क्रमवारी इतकी सरस झाली की बहुतेकांना दुसऱ्या दारात जाण्याची गरज वाटेना. दुसरे कारण पैशाचे. शोधयंत्रे जाहिरातींवर जगतात. मेटासर्चचा वाचक मूळ यंत्राचे पान उघडतच नाही, मग त्याने जाहिरात पाहायची कधी? सेलबर्ग आणि एट्झिओनी यांच्यापुढेही हा वाद आला होता. पुढे मोठ्या यंत्रांनी परवानगीशिवाय येणारे यांत्रिक प्रश्न अडवले किंवा उत्तरांचे पैसे घेण्यास सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने इतरांच्या प्रणालींना बिंगची शोध-उत्तरे पुरवणारी सेवा ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केली. ज्याच्याकडे स्वतःची सूची नाही त्याचे चूल पेटणे असे दुसऱ्याच्या विस्तवावर अवलंबून असते. तरी ही जात नामशेष झालेली नाही. सर्च-एक्स-एनजी हे कोणालाही फुकट घेऊन आपल्या संगणकावर बसवता येईल असे मुक्त मेटासर्च आहे. प्रवासाची तिकिटे निरनिराळ्या कंपन्यांकडून एकत्र दाखवणारी स्थळेही याच तत्त्वावर चालतात.

यंत्रे बदलली तरी शब्द निवडण्याचे काम विचारणाऱ्याकडेच आहे. राळेगाव तालुक्यातीलच एक घटना घेऊ. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात एक वाघीण गोळी घालून मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचा संबंध जोडला गेला होता आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. वनखात्याच्या कागदांत ती ‘टी-१’ आहे. तिला वाचवू पाहणाऱ्यांनी आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी तिला ‘अवनी’ म्हटले. गावकऱ्यांच्या बाजूने लिहिणारे ‘नरभक्षक वाघीण’ लिहितात, आणि ‘पांढरकवड्याची वाघीण’ असाही उल्लेख पुष्कळ आहे. केवळ ‘अवनी’ असे दहा यंत्रांना विचारले तर दहांची उत्तरे बहुधा एकाच बाजूची येतील आणि आपल्याला वाटेल की सगळे जग एकमताने बोलते आहे. दहावीच्या वर्गाचे चार गट करून प्रत्येकाला एकेक नाव शोधायला द्यावे आणि आलेल्या पहिल्या दहा मथळ्यांची तुलना फळ्यावर मांडावी. एका तासात होण्याजोगे काम आहे.

जुन्या काळात जायचे तर गावाच्या आणि जिल्ह्याच्या नावांचेही असेच आहे. इंग्रजी कागदांत यवतमाळचे स्पेलिंग आजच्यासारखे नाही, ते वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असे आहे. १९०५ पूर्वी तर जिल्ह्याचे नावच वेगळे होते, वणीवरून पडलेले, आणि इंग्रज ते डब्ल्यू-यू-एन असे लिहीत. तेव्हा राळेगावचा जुना महसूल, पीकपाणी किंवा दुष्काळ यांविषयी कोणी विद्यार्थी शोधत असेल, तर शोधाच्या चौकटीत ही तीनही नावे, मध्ये ‘ओआर’ हा इंग्रजी शब्द मोठ्या लिपीत घालून, एकदम लिहावीत.